आकडे न उघडता हिशेब तपासायचा

लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तो इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत विकसित केला. कोणताही वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत पेरून पाहतात. एकाच रानातही प्रत्येक वाणाचे तीन-चार तुकडे चिठ्ठ्या टाकून विखरून लावतात; कसदार जमिनीचा फायदा एकट्याला मिळू नये म्हणून. रानातली ही शिस्त आकडे संगणकात गेल्यावर मात्र जगभर सैल पडते.

रेनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये लिहिले, की कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का होते. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागवून घेतली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. त्यासह इतर दोष काढल्यावर उत्तर आले अधिक २.२ टक्के! फाइल मिळाली म्हणून चूक सापडली.

पण शेतकऱ्याचे नाव, गट नंबर आणि डोक्यावरचे कर्ज असलेली फाइल कोणाच्याही हाती कशी द्यायची? नाही द्यायची. इथे प्रोसेसरमधला 'सुरक्षित एन्क्लेव्ह', म्हणजे बंदिस्त कप्पा, कामी येतो. माहिती कुलूपबंद रूपातच आत जाते. संगणकाच्या मालकालाही ती वाचता येत नाही. आत कोणता प्रोग्रॅम चालला, याचा हॅश, म्हणजे ठसा, चिप काढते आणि स्वतःच्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते. माहितीच्या फाइलचाही ठसा निकालासोबत नोंदवता येतो. हेक्टरी १८.५ क्विंटलचे कोणी १८.६ केले, तरी ६४ अक्षरांचा तो ठसा पार बदलतो. परीक्षक सही आणि ठसे ताडून पाहतो. हा निकाल याच माहितीवर, याच प्रोग्रॅमने काढला, हे त्याला एकही नाव न वाचता कळते.

चिपवर आंधळा विश्वास नको. २०१८ मध्येच 'फोरशॅडो' हल्ल्याने इंटेलच्या एन्क्लेव्हमधली गुपिते बाहेर काढून दाखवली; दुरुस्त्या कराव्या लागल्या. शिवाय पीक कापणी प्रयोगात वजनच चुकीचे लिहिले असेल, तर चिप त्या चुकीवरही इमानाने सही करील. वजनकाट्यापाशी माणूसच खरा लागतो.

कृषी विद्यापीठांचे प्रबंध आज 'कृषिकोश' या ऑनलाइन भांडारात वाचायला मिळतात. प्रबंधासोबत हिशेबाचा प्रोग्रॅम आणि माहितीचा ठसा जोडणे विद्यापीठांनी सक्तीचे करावे. त्यासाठी महागडी चिपही लागत नाही. सुरुवात परभणीतून व्हावी.