धावलेले अंतर आणि जाणवलेला श्रम

सुश्रुताचार्यांनी व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’ अशी सांगितली आहे. ती ओळखण्यासाठी त्यांनी अंतराचे वा वेळेचे माप दिलेले नाही. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, म्हणजेच धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे लक्षण दिले. मर्यादा सर्वांना एकच, परंतु ती प्रत्येकाच्या स्वतःच्या बलानुसार गाठली जाते. सांघिक खेळांच्या आधुनिक अभ्यासात आज हाच विषय चर्चिला जात आहे.

दोन मापे

पहिले माप बाहेरचे. खेळाडूच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये उपग्रहाधारित लहान यंत्र बसवून त्याने कापलेले अंतर व वेग नोंदवला जातो. फुटबॉलच्या ९० मिनिटांत गोलरक्षकाखेरीज अन्य खेळाडू साधारणतः १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातील अतिवेगाने धावणे अल्पच असते.

दुसरे माप आतले. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमासाठी ६ ते २० अंकांची श्रेणी तयार केली. पुढे ० ते १० अंकांची श्रेणीही दिली. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली रीत सोपी आहे. सराव संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूला श्रमाचा अंक विचारावा व त्यास सरावाच्या मिनिटांनी गुणावे. ६० मिनिटांच्या सरावास ७ अंक दिल्यास भार ४२० होतो.

मेळ आणि तफावत

अनेक अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात हा गुणाकार एकूण अंतराशी चांगला जुळला, अतिवेगाने धावलेल्या अंतराशी मात्र बराच कमी. येथे सावधानता हवी. वेळ वाढली की अंतर वाढते आणि गुणाकारही वाढतो. म्हणून या मेळाचे काही श्रेय वेळेलाच जाते.

आपल्या कबड्डीत तर अंतराचे माप फारच अपुरे पडते. चढाई अवघ्या ३० सेकंदांची, मैदान लहान. पकडीतील झटापट, एकाएकी थांबणे, वळणे, श्वास रोखून जोर लावणे यांत अंतर जवळपास कापलेच जात नाही; श्रम मात्र पुष्कळ होतो. शिवाय बंदिस्त क्रीडागृहात उपग्रहाचे संकेतही नीट पोहोचत नाहीत.

चिकित्सालयात उपयोग

वैद्याच्या दृष्टीने तफावत हीच महत्त्वाची. सराव तोच असता खेळाडूचा अंक ५ वरून ८ वर गेला, तर दोष सरावाचा नसून बलाचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी निद्रा, अग्नी, आहार, नुकताच येऊन गेलेला ज्वर, पांडुता आणि मुलींच्या बाबतीत आर्तवप्रवृत्ती यांची चौकशी करावी. आवश्यक तेथे रक्ततपासणी करावी. चरकाचार्यांनी अतिव्यायामाच्या परिणामांत श्रम, क्लम, क्षय, तृष्णा व ज्वर यांची गणना केली आहे, हे स्मरणात असावे. छातीत दुखणे वा भोवळ असल्यास तत्काळ हृदयतपासणीस पाठवावे.

अंक एकांतात विचारावा. संघातून वगळले जाण्याच्या भीतीने खेळाडू प्रशिक्षकासमोर तो कमी सांगण्याचा संभव असतो.

औषधविक्रेत्या बंधूंनीही ‘थकवा’ हा एकच शब्द ऐकून बल्य कल्प हाती देऊ नये. स्पर्धेतील खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास दायित्व त्याच्यावरच येते. म्हणून घटकद्रव्ये स्पष्ट नसलेले कोणतेही उत्पादन त्यास देणे अनुचित होय. ज्याला विश्रांतीची गरज आहे, त्याला बल्य देऊन पुन्हा मैदानात पाठवणे ही चिकित्सा नव्हे.