आधी फोटो ठरवा, मग कॅमेरा

कॅमेरा घ्यावा की त्याच पैशांत चांगला फोन, हा प्रश्न दसरा-दिवाळीच्या खरेदीत हैदराबादच्या मराठी घरांतही निघतो. अबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये फोनची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. जवळच कोठीच्या गल्ल्यांत कॅमेरे मिळतात. दोन्हीकडे बोलणे मेगापिक्सेलपासून सुरू होते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आपल्याला कशाचा फोटो हवा आणि तो पुढे कुठे राहणार, हे आधी ठरवावे.

हा विवेक याच शहराने शिकवलेला आहे. १८४४ साली सरधन्यात जन्मलेले लाला दीनदयाळ इंदूरची सरकारी नोकरी करता करता छायाचित्रकार झाले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून हैदराबादेत आले. त्याआधीच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो काढावा आणि लगेच धुवावा लागे. म्हणजे जिथे फोटो, तिथे अंधारखोलीचा तंबू. १८८०च्या दशकात तयार कोरड्या काचा रुळल्या आणि ही यातायात संपली. दीनदयाळांची हैदराबादची कारकीर्द याच बदलाच्या काळातली. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या वेरूळच्या लेण्यांसाठी एक तयारी, दरबारासाठी दुसरी. पडदानशीन स्त्रियांसाठी तर त्यांनी १८९२मध्ये वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. काय टिपायचे त्यावरून साधन ठरले.

आजची निवडही अशीच करता येते. मूळ फरक प्रकाश गोळा करणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो. उत्तम फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० × ७ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळात जवळपास १२ पट फरक. ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. बटण एकदा दाबले तरी तो पटापट अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवतो, दाणेदारपणा पुसतो, सावल्या उजळतो. त्यामुळे रात्रीच्या लाड बाजारात दिव्यांखाली चमचमणाऱ्या बांगड्या फोनमध्ये सुरेख येतात. बांगड्या हलत नाहीत, म्हणून हे जुळवणे साधते.

रवींद्र भारतीच्या रंगमंचावर कुचिपुडी चालू असेल तर तीच युक्ती तोकडी पडते. नर्तकीचा हात एका फोटोत इथे, पुढच्यात तिथे. जुळवताना बोटे फरकटतात. तिथे सेकंदाच्या २५०व्या भागात उघडझाप करणारा कॅमेरा आणि भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्सच हवी.

अंतराचेही तसेच. शहराच्या पश्चिमेचा अमीनपूर तलाव २०१६मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाला. तिथले रोहित पक्षी काठापासून दूर चरतात. फोनची ५ पट जवळ आणणारी लेन्स साधारण १२० मिलिमीटरच्या तोडीची. पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटर लागतात. त्यापुढे फोन चित्र कापून मोठे करतो आणि पिसांच्या जागी रंगाचे डाग उरतात. पक्ष्यांची ओढ असेल तर कॅमेऱ्याला पर्याय नाही.

खैरताबादच्या गणपतीपुढे मात्र पारडे फिरते. २०२४मध्ये ती मूर्ती ७० फुटांची होती. त्या गर्दीत लेन्स बदलायला जागा नसते. फोनची रुंद लेन्स हात उंच करून मूर्तीही घेते आणि खालची माणसेही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाईला परवानगी लागते, तिथेही हातातला फोन सोयीचा. मुलाचे पहिले पाऊल, आजीच्या पाककृतींची वही, अचानक घरी आलेला मित्र, हे सगळे खिशातल्या कॅमेऱ्याचे विषय आहेत.

फोनने माणसांचे फोटो काढताना एक पथ्य पाळावे. मुख्य लेन्स रुंद असल्यामुळे चेहरा भरायला आपण फार जवळ जातो आणि नाक मोठे दिसते. दोन पावले मागे सरून २ किंवा ३ पटीची लेन्स निवडली की चेहरा मूळचा दिसतो. पाठीमागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड कडा अंदाजाने ठरवतो, त्यामुळे मोकळे केस आणि झुमके कधीकधी अर्धवट पुसले जातात. कॅमेऱ्यात ही धूसरता लेन्समधूनच येते.

आता मेगापिक्सेल. २०० मेगापिक्सेलचा फोनसुद्धा नेहमीच्या वापरात शेजारचे बिंदू एकत्र करून बहुधा १२ ते ५० मेगापिक्सेलचे चित्र देतो. १२ मेगापिक्सेलमधून १३ × १० इंचांची स्वच्छ छपाई होते. घरच्या अल्बमला एवढे भरपूर झाले.

बाजारानेही हाच कौल दिला आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले; २०२३मध्ये सुमारे ७७ लाख. त्या ७७ लाखांत जवळपास ६० लाख लेन्स बदलता येणारे होते. छोट्या कॅमेऱ्यांची जागा फोनने घेतली. जे काम फोनला जमत नाही, त्यासाठीचे कॅमेरे उरले.

म्हणून घर, प्रवास आणि सण टिपायचे असतील तर हातातला फोन पुरे. पक्षी, रंगमंच, खेळ किंवा लग्नाचे व्यावसायिक काम खुणावत असेल तर कॅमेरा घ्यावा. पण आधी एखाद्या शनिवार-रविवारी भाड्याने आणून त्याचे वजन खांद्यावर पेलते का ते पाहावे. घेताना बॉडी जुनी चालेल, पैसा लेन्समध्ये घालावा, कारण चांगली लेन्स अनेक बॉडींना पुरून उरते.

आणि साधन कोणतेही असो, फोटो जपावा. दीनदयाळांच्या २,८५७ काचा १९८९मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या, म्हणून ते हैदराबाद आज आपल्याला दिसते. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो एरवी आकुंचित होतो; मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि दर दिवाळीला वर्षातले निवडक फोटो छापून, मागे नावे व तारखा लिहून अल्बममध्ये लावावेत. नातवंडांना आपल्या फोनचा पासवर्ड ठाऊक नसेल, पण अल्बम त्यांना उघडता येईल.