फेरीचें घड्याळ आणि शेजारीं बसणारा शिक्षक

मोटार हांकतां येणें ही एक विद्या. ती आपल्या शक्तीच्या सीमेपर्यंत नेऊन निर्विघ्नपणें परत आणणें ही दुसरी. पहिलीसाठीं सरकारी परवाना पुरतो. दुसरीसाठीं रहदारीपासून अलग असा बंदिस्त मार्ग लागतो. केवळ मोटारींच्या शर्यतीसाठीं बांधलेला असा मार्ग इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें १९०७ सालीं खुला झाला. आज अशा मार्गांवर धंदेवाईक शर्यतपटूंप्रमाणेंच नोकरीपेशाचे हौशी लोकही आपापली गाडी घेऊन शिकावयास जातात. त्यांची सुधारणा कशी होते, व तींत घड्याळाचा वांटा किती आणि शिक्षकाचा किती, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांतील लाइम रॉक पार्क हा मार्ग घेऊं. तो १९५७ सालीं सुरू झाला. त्याची लांबी सुमारें दीड मैल, म्हणजे जवळ जवळ २.४ किलोमीटर आहे. त्यावर सात वळणें असून त्यांपैकीं सहा उजवीकडे जातात व एकच डावीकडे. शेवटच्या वळणाचें नांव ‘डाउनहिल’. तेथें गाडी उतारावरून वळत येते व लागलीच मुख्य सरळ पट्ट्यावर निघते. हें वळण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

समजा, एका हौशी चालकानें पहिली फेरी ७० सेकंदांत व दुसरी ६९ सेकंदांत पुरी केली. एक सेकंद वांचला खरा, पण तो कोठें? साधें स्टॉप-वॉच ह्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं. मुलाला परीक्षेंत शेंकडा ५५ गुण पडले एवढेंच पालकास कळलें, तर अंकगणित कच्चें कीं व्याकरण कच्चें हें त्यास कसें समजावें? विषयवार गुण पाहिले पाहिजेत. त्याचप्रमाणें फेरीचे निरनिराळे भाग पाडून प्रत्येक भागाचा वेळ स्वतंत्र नोंदतात. अनेक फेऱ्यांतून प्रत्येक भागाचा उत्तम वेळ निवडून बेरीज केली म्हणजे एक काल्पनिक उत्तम फेरी तयार होते. तिनें उमेद येते. परंतु तिच्यावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. एका भागांत मिळविलेला वेग कित्येकदां पुढील भागाचें नुकसान करूनच मिळविलेला असतो.

हें मोजमाप आतां उपग्रहांच्या साह्यानें होतें. अमेरिकेची जीपीएस ही योजना १९९५ सालीं पूर्णपणें कार्यान्वित झाली. आणि नागरी उपयोगाच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेविलेली अचूकतेची उणीव २००० सालच्या मे महिन्यांत दूर करण्यांत आली. त्यानंतर सेकंदांत दहा वेळां गाडीचें स्थान व वेग टिपून घेणारीं लहान यंत्रें हौशी माणसाच्या आटोक्यांत आलीं. ताशीं १०८ किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला ३० मीटर जाते. म्हणजे दर ३ मीटरांवर एक नोंद मिळते. फेऱ्या संपल्यावर ह्या नोंदींचा आलेख काढावयाचा: आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेग. वेळाऐवजीं अंतर घेण्याचें कारण असें कीं, दोन फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेविले असतां तेंच वळण त्याच जागीं येतें व तुलना सोपी होते.

आलेखाची भाषा थोड्या सरावानें कळूं लागते. रेषा एकदम खालीं आली तेथें ब्रेक लागला. खालीं आल्यावर ती बराच वेळ आडवी राहिली, तर चालकानें फार लवकर वेग कमी केला व मग वळणाची वाट पाहत बसला. वर चढतां चढतां तिला खांच पडली, तर ॲक्सिलरेटरवरील पाय मध्येंच उचलला गेला.

ही खांच ‘डाउनहिल’ वळणावर पडली तर ती महागांत पडते. कारण वळणांतून बाहेर पडतांना जो वेग कमी असतो, तो पुढील सरळ पट्ट्याच्या पुष्कळ लांबीपर्यंत कमीच राहतो. अर्धा किलोमीटर अंतर ताशीं सरासरी १४४ किलोमीटर वेगानें १२.५ सेकंदांत कापलें जातें; सरासरी १४८ झाली तर सुमारें १२.१६ सेकंदांत. वेगांतील फरक किरकोळ, पण वाचला सेकंदाचा एक तृतीयांश, आणि तोही प्रत्येक फेरींत.

मग अधिक धाडस केलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. येथें पदार्थविज्ञान आडवें येतें. वळणांत गाडीस आंत ओढून धरणारें बळ टायर व रस्ता ह्यांच्या घर्षणांतून मिळतें, आणि किती बळ लागणार हें वेगाच्या वर्गावर अवलंबून असतें. वेग शेंकडा १० वाढविला तर बळाची गरज शेंकडा २१ वाढते. शिवाय थांबविणें व वळविणें हीं दोन्ही कामें त्याच टायरांकडे. सारी पकड एका कामीं खर्चिली तर दुसऱ्यासाठीं कांहीं उरत नाहीं. खरा उपाय वाट सुधारण्याचा आहे. रस्त्याच्या बाहेरील कडेनें वळणांत शिरावें, आंतील कडेजवळून जावें व पुन्हां बाहेरील कडेस निघावें, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या मोठी होते. १०० मीटरांची त्रिज्या १२१ मीटर झाली, तर तेवढ्याच पकडीवर शेंकडा १० अधिक वेग साधतो.

आतां शिक्षकाकडे वळूं. पाय कोठें उचलला हें आलेखानें दाखविलें. कां उचलला हें तो दाखवीत नाहीं. चालक भ्याला असेल. त्याची नजर दूरच्या निर्गमाकडे न राहतां गाडीच्या नाकापुढेंच खिळली असेल. किंवा त्यानें चाक फार लवकर वळविलें असेल व शेवटीं बाहेरील कडेस रस्ता अपुरा पडूं लागला असेल. तिन्ही कारणांनीं आलेखावरील खांच सारखीच दिसते, पण तिघांचा इलाज निराळा. शेजारच्या आसनावर बसलेला शिक्षक चालकाचे डोळे व हात पाहतो. त्यास कारण कळतें. केवळ आलेख पाहून ‘पाय उचलूं नकोस’ असें सांगणें घातक ठरेल. प्रवेशच चुकलेला असतां वेग वाढविला तर गाडी रस्त्याबाहेर जाईल. आणि उतारावरील वळणांत घाबरून एकदम पाय उचलला तर भार पुढें जाऊन मागील चाकें हलकीं होतात व गाडी गरकन फिरण्याचा संभव असतो. म्हणून सुज्ञ शिक्षक एका वेळीं एकच दोष हातीं घेतो, व पुष्कळदां वेग उतरवूनच तो सुधारतो.

लक्षांत घ्या, गाडी शिष्याची असते. शिक्षकाच्या पायाखालीं निराळा ब्रेक नसतो. तो आपला जीव शिष्याच्या हातीं देऊन बसतो. ह्याच कारणास्तव अमेरिकेंतील अनेक क्लब आपल्या शिक्षणाच्या दिवशीं फेऱ्यांची वेळ मोजण्यास मनाई करतात, आणि पुढील चालकानें हातानें खूण केल्यावांचून कोणास पुढें जाऊं देत नाहींत. डोळ्यांपुढें आंकडा नाचूं लागला म्हणजे नवशिका गुरूचें ऐकेनासा होतो. आंकडे पाहावयाचे ते गाडी उभी केल्यावर, आणि तेही एका फेरीचे नव्हेत तर अनेक फेऱ्यांचे. थंड टायर, ओला रस्ता किंवा पुढें आलेली सावकाश गाडी ह्यांनींही वेळ बदलतो. एकच चमकदार फेरी दैवाची असूं शकते. दहा फेऱ्या सारख्या वेळांत आल्या तर ती विद्या होय.

आपल्या देशांतही चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै, कोइमतूरजवळ करी आणि ग्रेटर नोएडा येथें असे मार्ग बांधले गेले आहेत. मुंबईहून पुण्यास किती मिनिटांत पोंचलों ह्याची फुशारकी मारणाऱ्या तरुणांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, द्रुतगति मार्गावर निशाणें दाखविणारा पहारेकरी नसतो, शेजारीं शिक्षक नसतो, आणि पुढच्या वळणापलीकडे कोणाची लॉरी बंद पडली आहे हें कोणास ठाऊक नसतें. तेथें मोजलेलीं मिनिटें काय सुधारावें हें कांहींच शिकवीत नाहींत. आणि चूक झाली तर तिची किंमत रस्त्यावरील परक्या माणसासही द्यावी लागते. पालकांनीं ही गोष्ट मुलाच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं त्यास सांगावी.