जुनी मालमोटार घेण्यापूर्वीं

वर्धा जिल्ह्यांत ज्या घरीं शेती आहे, तेथें हिंगणघाटच्या बाजारांत कापूस नेण्यासाठीं किंवा कारंज्याकडील संत्रीं हलविण्यासाठीं जुनी डिझेल पिकअप घ्यावी, असा विषय भावाभावांच्या बैठकींत निघतोच. विचार वाईट नाहीं. मात्र रंगावर भुलूं नये.

इंजिन सकाळीं थंड असतांना पाहावें. मालकानें तें आधींच तापवून ठेविलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं जावें. निळसर धूर निघत राहिला, तर तेल जळतें आहे असें समजावें. मागील पाटे मागाहून वाढविलेले दिसल्यास गाडीनें बेसुमार ओझें वाहिलें असावें. मग चासीवर भेगा व वेल्डिंगचे सांधे शोधावे.

आम्हांस खरी भीति वाटते ती कागदांची. किल्ली हातीं आली म्हणजे गाडी आपली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सरकारदप्तरीं ज्याचें नांव, तोच मालक. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, गाडी विकली गेली असतांही, अपघाताच्या भरपाईस त्यालाच जबाबदार धरलें. यास्तव २९ व ३० क्रमांकांचे अर्ज तत्काळ द्यावे. विकणाऱ्यास १४ दिवसांची मुदत, घेणाऱ्यास ३० दिवसांची. विमा मात्र १४ दिवसांतच आपल्या नांवें करण्यास अर्ज करावा. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचें पत्र व ३५ क्रमांकाचा अर्ज घेतल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

एकत्र कुटुंबांत तर नांव कोणाचें, हें आधींच ठरवावें. थोरल्या दादांच्या नांवें घेतलेली गाडी धाकटे चालवितात. दावा लागला, तर समन्स दादांस येतें.