फिश टँकमध्ये रिकामे शंख टाकल्याने पाण्याचं काय होतं?

कोकणात फिरायला गेलं की किनाऱ्यावरचे शंख-शिंपले पिशवीत भरून घरी येतात. घरात फिश टँक असेल तर त्यातले दोन-चार टँकमध्येही जातात. काही टँकमध्ये मेलेल्या गोगलगायींची कवचं तळाशी तशीच पडलेली असतात. पण ही कवचं नुसती शोभेची नसतात. ती हळूहळू पाणी बदलतात.

कवचात असतं काय?

मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी आणि संगमरवरात असतो तोच पदार्थ. कवचावर व्हिनेगरचे थेंब टाकले की बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे.

पाण्यावर काय परिणाम होतो?

कवच विरघळताना पाण्यात कॅल्शियम मिसळतं आणि पाणी जड होतं. कार्बोनेट पाण्यातली आम्लता कमी करतं, त्यामुळे पीएच वाढतो. पीएच 7 पेक्षा कमी असेल तर कवच लवकर झिजतं. 8 च्या आसपास हे विरघळणं जवळपास थांबतं. म्हणूनच बोअरवेलचं पाणी आधीच जड असेल तर दोन-चार शंखांनी फारसा फरक पडत नाही. आरओच्या पाण्यात मात्र तो लवकर जाणवतो.

कोणत्या माशांना चालतं?

गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस मूळचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले, त्यांच्या टँकमध्ये शंख नकोत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले काही सिक्लिड मासे तर रिकाम्या शंखातच राहतात आणि तिथेच अंडी घालतात.

मग खरा धोका कशात?

आत सडणाऱ्या गोगलगायीत. ती कुजली की अमोनिया तयार होतो. पीएच जितका जास्त, तितका हा अमोनिया माशांसाठी अधिक विषारी. लहान टँकमध्ये तर एक मोठी गोगलगायही मासे दगावायला पुरेशी ठरू शकते. शंखाला कुजका वास आला तर तो लगेच बाहेर काढा आणि थोडं पाणी बदला.

शंख टाकायचेच असतील तर?

आत काही उरलेलं नाही याची खात्री करा. शंख ब्रशने घासा, उकळा आणि गार झाल्यावरच टँकमध्ये ठेवा. सुरुवातीला एक-दोनच ठेवा आणि आठवडाभर टेस्ट किटने पीएच तपासत राहा. रंग किंवा पॉलिश लावलेले शंख टाळा.

आणि किनाऱ्यावरून शंख उचलण्याआधी आत डोकावून बघा. आपल्याला रिकामा वाटणारा शंख एखाद्या संन्यासी खेकड्याचं घर असू शकतो.