नळीतली हवा कुठून येते?

आतला व्यास दोन मिलिमीटर असलेल्या एक मीटर नळीत साधारण ३.१ मिलिलिटर द्रव मावतो. म्हणजे नळीत ३२ सेंटिमीटर हवा असली, तर एक मिलिलिटर खत कमी गेलं. पाणवनस्पती असलेल्या ज्या मत्स्यालयाच्या टँकला लोहाचा रोजचा डोसच एक मिलिलिटर आहे, त्याचं त्या दिवशीचं खत बुडालं. खत सोडणारा डोसिंग पंप मात्र ठरल्या वेळी ठरलेले सेकंद फिरलेला असतो आणि मोबाइलवर डोस पूर्ण झाल्याची नोंदही आलेली असते. पंपाला आपण किती फिरलो ते कळतं. नळीतून काय गेलं ते कळत नाही.

भिवंडीत पद्मानगरात एका यंत्रमागवाल्यांच्या ऑफिसात चार फुटी प्लांटेड टँक आहे. खाली माग, वर ऑफिस. टँकखालच्या कपाटात तीन बाटल्या: पोटॅशियम नायट्रेट, फॉस्फेट आणि लोहासकट सूक्ष्म अन्नद्रव्यं. लोह आणि फॉस्फेट एकाच बाटलीत घातलं तर साका बसतो, म्हणून प्रत्येकाची नळी वेगळी. मला बोलावलं ते झाडांमुळे. रोटाला या पाणवनस्पतीची नवी पानं पिवळट पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडल्याची ही नेहमीची खूण. पोटॅशियम कमी असतं तर आधी जुन्या पानांना भोकं पडली असती.

“दादा, लाइन हवा धरतेय,” मालक म्हणाले. “रोज सकाळी प्राइमचं बटण दाबतो, हवा जाते. संध्याकाळी परत तेच.”

बहुतेक जण हेच करतात आणि मला ते पटत नाही. बटण दाबलं की हवा जाते, पण तिच्यामागोमाग जास्तीचं खतही टँकमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी पडतं. रोजची मात्रा एकसारखी राहावी म्हणून पंप आणायचा आणि मग ती मात्रा अंदाजाने बटणावर सोडायची, यात पंपाचा उपयोग काय? हवा कुठून शिरली ते शोधलं पाहिजे. त्यासाठी नळी दोन भागांत बघायची: पंपाच्या अलीकडची, बाटलीकडची, आणि पलीकडची, टँककडची.

या पंपाचं डोकं उघडलं तर आत फिरत्या चकतीवर दोन-तीन रोलर आणि त्यांच्याभोवती अर्धगोल वळवलेली मऊ नळी दिसते. रोलर नळी चिमटत पुढे सरकतो, त्याच्यापुढचा द्रव ढकलला जातो. मागे नळी पुन्हा फुगते आणि बाटलीतून नवा द्रव ओढून घेते. अमेरिकन सर्जन मायकल डेबेकी यांनी १९३० च्या दशकात असाच रोलर पंप रक्त देण्यासाठी सुधारून घेतला. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्या यंत्रातही रोलर पंप होते. आजच्या डायलिसिस मशीनमध्ये रक्त फिरवतो तो हाच पंप. तिथे परतीच्या नळीवर हवा ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो, बुडबुडा आला की मशीन थांबतं. टँकच्या पंपाला ती सोय नाही. तिथे आपणच टॉर्च घेऊन बसायचं.

बाटलीकडच्या नळीतून पंप द्रव ओढत असतो, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला जोड सैल असेल तर द्रव बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस म्हणतो, गळती कुठेच नाही. सोसायटीच्या पंपाची सक्शन लाइन कुठे पिचली की मोटार हवा धरते आणि वॉचमन प्रायमिंगला पाणी ओतत बसतो, तसंच हे.

लोहाची बाटली आधी घेतली. नळीवर मार्करने खुणा केल्या, पंप चालू केला. झाकणावरच्या एल्बोपर्यंत नळी भरलेली येत होती. एल्बो ओलांडला की दर काही सेकंदांनी दीड-दोन मिलिमीटरचा एक बुडबुडा सुटायचा आणि पंपाकडे निघायचा. संशय पक्का करायला टँककडचं टोक साध्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं, बाटलीतली नळी बाहेर काढून तिचं टोक बोटांच्या चिमटीत घट्ट धरलं आणि पंप उलटा फिरवला. आता तीच बाजू दाबाखाली आली. जिथून हवा आत जात होती तिथून पाणी बाहेर यायलाच हवं. चार-सहा फेऱ्यांत एल्बोच्या गळ्याशी एक थेंब जमला, फुगला आणि नळीवरून खाली उतरला. नळीचं तोंड कडक होऊन बारीक चिरलं होतं. तेवढा सेंटिमीटरभर भाग धारदार ब्लेडने सरळ कापला, नळी पुन्हा खोलवर बसवली, काम झालं. ज्यांचा पंप उलटा फिरत नाही त्यांनी पंपावरच्या दोन नळ्यांची अदलाबदल करावी. टोक चिमटीत धरून पंप फार वेळ चालवू नये, नाहीतर चांगला जोडही निसटतो.

पोटॅशियमच्या बाटलीचा प्रकार निराळा. तिचं पोट आत गेलेलं दिसलं. झाकणाला हवेसाठी भोक होतं, पण ते बुजलं होतं: मागावरून उडणारी सुताची लव आणि तिच्यावर वाळून बसलेलं खताचं मीठ. भिवंडीत ही लव पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या जाळीवर, सगळीकडे बसते. टँकखालचं कपाट तिला कसं चुकणार? बाटलीत हवा शिरायला वाट नसली की द्रव जसजसा कमी होतो तसतसा आतला दाब उतरत जातो आणि पंप शेवटी सगळ्यात कच्च्या जोडातून हवा ओढतो. सुईने भोक मोकळं केलं. फुस्स आवाज झाला आणि बाटली सरळ झाली. भोकात एअरलाइनचा लहानसा तुकडा बसवून त्याचं तोंड खाली वळवलं की लव आत पडत नाही.

गळती नसतानाही हवा येते, आणि उन्हाळ्यात ती जास्त येते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात हवेतला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. उरलेला बुडबुडे होऊन बाहेर पडतो. म्हणून गार पाण्यात कालवून, खळखळून हलवलेलं खत लगेच लाइनला जोडू नये. रात्रभर खोलीत ठेवावं. समुद्री टँकवाल्यांना सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण याहून जास्त छळतं, कारण उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी शुद्ध करणाऱ्यांनाही हे दुखणं ठाऊक आहे. सोडियम हायपोक्लोराइटमधून ऑक्सिजन सुटतो, डायफ्रॅम पंपाच्या डोक्यात साठतो आणि पंप नुसता टकटक करत राहतो, पुढे काही जात नाही. त्याला ते गॅस लॉक म्हणतात.

सिलिकॉनची नळी हे आणखी एक कारण. सिलिकॉनमधून वायू आणि पाण्याची वाफ सहज आरपार जाते. दिवसातून एकदाच थोडासा डोस जाणारी लांब लाइन सिलिकॉनची असेल, तर एकही जोड सैल नसताना तिच्यात हवा दिसू लागते. पंपाच्या डोक्यात मऊ नळी लागतेच. बाकीची लाइन पीव्हीसीची किंवा पॉलियुरेथेनची घ्यावी आणि शक्य तेवढी आखूड ठेवावी.

पंप बंद असताना टँककडची नळी आपोआप रिकामी होत असेल, तर दोष डोक्यातल्या नळीचा. रोलरखाली दबून दबून ती चपटी होते, चिमटा पुरता बसत नाही आणि द्रव बाटलीत परत उतरतो. पुढचा डोस मग लाइन भरण्यातच जातो. टँकच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे द्रव मागे येऊ न देणारी झडप, लावून हे काही काळ झाकता येतं, पण नळी बदलणं हाच खरा उपाय. अशा वेळी लाइनचं टोक पाण्यात बुडलेलं असेल तर टँकचं पाणी सायफनने खालच्या बाटलीत उतरतं आणि बाटली भरून वाहते. टोक नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

नळी कापा, जोड बदला किंवा पंपाची नळी नवी घाला, त्यानंतर मोजल्याशिवाय पंप टँकला जोडू नका. मेडिकलमध्ये मिळणारी १० मिलिलिटरची सिरिंज घ्या, दट्ट्या काढून टाका, खालचं तोंड टोपणाने बंद करा आणि ती उभी धरून पंपाकडून १० मिलिलिटरचा डोस तिच्यात पाडा. साडेनऊ भरलं तर पंपाचं कॅलिब्रेशन दुरुस्त करा. नव्या नळीला जुना आकडा चालत नाही.