हे पोरगं कुठवर जाईल?

४५१ नाबाद. समोर आसामचा संघ, स्पर्धा कूचबिहार करंडक, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या मुलांची देशातली सर्वांत मानाची स्पर्धा, साल २०११. फलंदाज जालन्याचा, डावखुरा, वय सतरा. विजय झोल.

हा आकडा शेजारच्या आकड्यांजवळ ठेवला की त्याची उंची कळते. १९९९ साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बिहारनं सगळ्यांनी मिळून ३५७ धावा केल्या आणि पंजाबच्या युवराजसिंगनं एकट्यानं ३५८. बिहारच्या त्या संघात महेंद्रसिंग धोनी होता. युवराजची ती खेळी आजही दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि झोलचा डाव तिच्याही ९३ धावा पुढचा. मोठ्यांच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमननं १९३० साली ४५२ नाबाद केल्या होत्या. दोन्ही सामन्यांची पातळी वेगळी, हे मान्य. पण जालन्याच्या पोराची धावसंख्या ब्रॅडमनच्या धावसंख्येहून एकानं कमी आहे, हे वाचून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे जालन्यात उन्हाळी शिबिरं भरतात. ऊन चढायच्या आत, सकाळी सहालाच, नेट लागतात. आझाद मैदानावर उभं राहून पोरांचा खेळ बघणारे माझ्यासारखे पुष्कळ जण असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: हे पोरगं कुठवर जाईल? त्या प्रश्नामागे ४५१ उभा असतोच. बाराव्या-तेराव्या वर्षी सणसणीत कव्हर ड्राइव्ह मारणाऱ्या मुलात नेमकं काय पाहायचं, हे मला वर्षानुवर्षं कळत नव्हतं. मग फलंदाजीवर झालेलं संशोधन वाचत गेलो, आणि थक्क झालो.

आधी वेळेचं गणित. ताशी १४० किलोमीटर वेगानं सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो, त्याहूनही थोडा कमीच. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळून हात हलायला लागेपर्यंत त्यातले दोन दशांश सेकंद जातात. उरलेल्या वेळात पाय टाकायचा, बॅट मागून खाली आणायची आणि सव्वाचार इंच रुंदीच्या लाकडाचा मधला भाग चेंडूसमोर धरायचा. चेंडू शेवटपर्यंत बघ, असं आपण मुलांना सांगत आलो. पण प्रत्यक्षात कोणताही फलंदाज वेगवान चेंडू सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या दोन शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि २००० साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलंदाज चेंडू हातातून सुटताना पाहतो. मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून थेट पुढे उडी मारते आणि चेंडू जिथं टप्पा घेणार आहे तिथं जाऊन थांबते. चेंडू अजून हवेत आहे, आणि नजर जमिनीवर त्याची वाट बघते आहे! चांगल्या आणि साधारण फलंदाजांतला फरक याच उडीत सापडला. चांगल्याची नजर लवकर निघते.

याच्याही आधीची एक पायरी आहे. गोलंदाजीची चित्रफीत चेंडू हातातून सुटण्याआधीच कापून फलंदाजांना दाखवायची आणि विचारायचं, हा चेंडू कुठं पडेल, कुठं वळेल? नवख्यांची उत्तरं म्हणजे नुसते अंदाज. कसलेले फलंदाज मात्र मनगट, खांदा, धावतानाची लय यांवरून योगायोगापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगतात. म्हणजे फलंदाजीचा मोठा भाग चेंडू जन्मायच्या आधीच घडून गेलेला असतो. माझ्या मते क्रिकेटमध्ये यापेक्षा अद्भुत दुसरं काही नाही.

तेव्हापासून मी नेटच्या बाजूला उभं राहणं सोडलं आणि नेटच्या मागे उभा राहू लागलो. मारलेला फटका तिथून नीट दिसत नाही. पाय कधी हलला ते दिसतं. सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या विकेटवर चेंडू भरवशाचा उसळतो, त्यामुळे तिथं उशिरा ठरवूनही खणखणीत फटके मारता येतात. आपल्या मराठवाड्यातली बरीच पोरं अशाच विकेटवर मोठी होतात. टर्फवर गेल्यावर चेंडू थोडा थांबतो, थोडा खाली राहतो, आणि उशिरा ठरवणाऱ्याची पंचाईत होते. मॅटिंगवर शंभर काढणाऱ्यापेक्षा तीस काढणारा, पण दर चेंडूला लवकर आणि शांतपणे जागेवर येणारा मुलगा मला जास्त आशेचा वाटतो.

आता वयाकडे येतो, कारण इथं खरा चमत्कार दडलेला आहे.

२०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात विजय झोल भारताचा कर्णधार होता. स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत झाली. त्या संघातल्या काही जन्मतारखा पाहा. संजू सॅमसन, ११ नोव्हेंबर १९९४. विजय झोल, २३ नोव्हेंबर. श्रेयस अय्यर, ६ डिसेंबर. कुलदीप यादव, १४ डिसेंबर. सगळे १९९४ चे. तो विश्वचषक जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार एडन मार्करम ४ ऑक्टोबर १९९४ चा. पाच नामांकित खेळाडू आणि सगळे अडीच महिन्यांत जन्मलेले. याचं कारण ग्रहताऱ्यांत नाही, नियमात आहे. स्पर्धेसाठी वयाची रेघ १ सप्टेंबर १९९४ ला होती. त्या रेघेच्या लगेच पुढे जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत मोठा असतो, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये जन्मलेला त्या स्पर्धेतून बादच होतो.

आपल्या क्रिकेट नियामक मंडळाच्या वयोगटांची रेघही १ सप्टेंबरलाच आहे. चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीत सप्टेंबरचा मुलगा आणि पुढच्या ऑगस्टचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. दोघांत जवळपास एक वर्षाचं अंतर. त्या वयात एका वर्षात उंची, खांदे, चेंडूचा वेग सगळं बदलतं. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक, टर्फ विकेट, जास्त सामने मिळतात, आणि चार वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळाडू झालेला असतो. निवड करणाऱ्यांना वाटतं, आपली पारख अचूक होती.

त्यातही शरीराची स्वतःची वेगळी दिनदर्शिका असते. सोळा वर्षांखालच्या मुलांचं वय तपासायला मंडळ डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतं. वाढत्या वयात हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेची एक पट्टी असते. एक्स-रेमध्ये ती काळी फट म्हणून दिसते. वाढ पूर्ण होत आली की फट अरुंद होते आणि शेवटी बुजते. मनगट आणि बोटांच्या तेरा हाडांवरच्या या खुणा वाचून हाडाचं वय काढतात. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात दोन वर्षांचा फरक असू शकतो. कुणाचं मिसरूड चौदाव्या वर्षी फुटतं, कुणाचं सोळाव्या. चौदाव्या वर्षी सीमारेषेपलीकडे चेंडू भिरकावणारा मुलगा प्रतिभावान असेल, किंवा नुसता लवकर मोठा झालेला असेल. एका सकाळच्या चाचणीत हे दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

जालन्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपलं शहर बियाण्यांचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नवं संकरित वाण बाजारात आणण्याआधी ते वेगवेगळ्या जमिनींत, वेगवेगळ्या पावसात, एकाहून जास्त हंगाम लावून बघतात, आणि तुलनेसाठी शेजारी नेहमीचं वाण पेरतात. एका वाफ्यातलं एक जोमदार झाड बघून कुणी पिशव्या छापायला देत नाही. पोरांच्या बाबतीत मात्र आपण एका डावावर बोलून मोकळे होतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी याच कोड्यावर एक सुंदर पद्धत काढली आहे. हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून, त्यांचे तीस संघ सरावासाठी उबदार भागात जातात, निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात. तिथं कोट्यधीश खेळाडू आणि विशी न ओलांडलेली होतकरू पोरं एकाच मैदानावर घाम गाळतात, आणि हजारो चाहते आपापल्या वह्यांत कोण वर येणार याची यादी करतात. त्यांचे पारखी प्रत्येक कौशल्याला २० ते ८० यांमध्ये गुण देतात. सर्वोच्च पातळीवरच्या सरासरी खेळाडूला ५०. फटक्याचा अचूकपणा, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि हाताची फेक, प्रत्येकाचे गुण वेगळे. पण खरी कमाल पुढे आहे. प्रत्येक कौशल्याला दोन आकडे मिळतात, एक आजचा आणि एक उद्याचा. आज ३०, उद्या ६०, असं लिहिण्याची हिंमत तो पारखी करतो. २००८ साली पिट्सबर्गच्या संघानं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. त्यांचा आजचा आकडा अगदी तळाचा होता. फेकणाऱ्या हातातला उद्याचा आकडा कुणाला तरी दिसला होता. दोघं वरच्या पातळीपर्यंत पोहोचले नाहीत, पण त्या नजरेचं मला अपार कौतुक वाटतं.

हे दोन आकडे वेगळे ठेवायला शिकलो तेव्हा ४५१ बद्दलचं माझं मतही स्वच्छ झालं. झोल २०१२ साली एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणात त्यानं द्विशतक केलं. देशाच्या युवा संघाचं नेतृत्व केलं, आयपीएलमध्ये बंगळुरूच्या संघानं त्याला घेतलं. भारताच्या मुख्य संघापर्यंत तो गेला नाही, आणि तेवढ्यावरून गावात हळहळ सुरू होते. मला ती हळहळ मुळीच पटत नाही. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद केल्या. ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर होता, आणि उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीत चारशेच्या वर गेलेले ते आजही एकमेव भारतीय फलंदाज. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. म्हणून ४४३ मधली एक धावही कमी होत नाही. ४५१ चंही तसंच. आजच्या रकान्यात त्या डावाला मी पूर्ण ८० देतो. उद्याच्या रकान्यातला आकडा तो डाव सांगूच शकत नव्हता. ते ओझं त्याच्यावर आपण टाकलं.

सध्याच्या पोरांमध्ये माझा जीव शेजारच्या बीडच्या सचिन धसवर आहे. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, युवा विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेच्या २४५ धावांच्या आव्हानासमोर भारत ४ बाद ३२. तिथून त्यानं कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी केली आणि स्वतः ९६ काढल्या. धावांपेक्षा मला त्याचे पाय आठवतात: उसळत्या विकेटवर, चार गडी गेलेले असताना, ते वेळेवर हलत होते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरच्या हातातल्या वेगावर आणि सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीच्या फटक्यांवरही माझा विश्वास आहे. या तिघांच्याही उद्याच्या रकान्यात मी साठच्या वरचे आकडे लिहिलेत.

आणि लहान मुलांसाठी एक युक्ती आहे. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या पारख्यांवर प्रयोग झाला. मुलांच्या सदऱ्यांवर वयाच्या क्रमानं आकडे घातले, सर्वांत मोठ्याला एका टोकाचा, सर्वांत लहानाला दुसऱ्या. नुसत्या जन्मतारखांची यादी हातात देऊन पारख्यांचा मोठ्या मुलांकडचा कल बदलला नव्हता. आकडे पाठीवर आले आणि तो कल नाहीसा झाला. जालन्याच्या पुढच्या चौदा वर्षांखालच्या चाचणीत हे करून बघावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. कापडी आकडे आणि सेफ्टी पिना एवढंच लागेल, आणि ते आणून द्यायला मी तयार आहे.